जुनं नॅरोगेज स्टेशन गावाला मिळतं का, आणि मिळालं तर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नॅरोगेजचं दगडी स्टेशन आहे. गाडी बंद होऊन काही वर्षं झाली, रूळ गवतात गेले, इमारतीला कुलूप आहे. ब्रॉडगेज होणार म्हणतात, पण स्टेशन गावाबाहेर जाईल अशी कुणकुण आहे. जुनी इमारत पाडतील का? नगरपरिषदेला ती घेता येईल का? घेतली तर आधी काय करावं?

आधी सरळ उत्तर देतो. पाडायची की ठेवायची हे इमारतीकडे बघून ठरत नाही, यार्डाच्या, म्हणजे स्टेशनातल्या रुळांच्या आणि जागेच्या, नकाशावर ठरतं. इमारत विकत मिळेल ही आशा सोडा. भाडेपट्ट्याने किंवा परवान्याने मिळू शकते, पण त्यासाठी काय करणार आणि कोण चालवणार हे तुमच्या अर्जात पहिल्या पानावर असायला हवं. मिळालीच, तर पहिला पैसा छपरावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर घाला, रंगावर नाही. मी रेल्वेत वर्क्सला होतो, म्हणजे इमारती बांधणं, दुरुस्त करणं आणि पाडणं हेच काम. त्यामुळे पुढे जरा लांबण लागेल, पण प्रश्नाला धरूनच.

स्टेशन गावाबाहेर का जातं, हे आधी समजून घ्या. लोक म्हणतात कंत्राटदाराचं हित, पुढाऱ्याची जमीन वगैरे. असेलही कुठे. पण बहुतेक ठिकाणी कारण साधं असतं: उतार आणि लांबी. ब्रॉडगेजच्या स्टेशन यार्डात चढउतार 400 ला 1 पेक्षा जास्त चालत नाही, आणि शिफारस तर 1200 ला 1 ची आहे. थोडक्यात, यार्ड जवळजवळ सपाट हवं, नाहीतर उभे डबे आपोआप घरंगळतात. शिवाय मालगाडीची क्रॉसिंग घ्यायची तर सातशे मीटरच्या आसपास लांबीची लूप लाइन, म्हणजे एक गाडी थांबवून दुसरीला वाट द्यायचा बाजूचा रूळ, लागते. नॅरोगेजच्या यार्डाला यातलं काहीच लागत नव्हतं. छोटे डबे, छोटं इंजिन, तीव्र वळणं चालायची. म्हणून ती गाडी गावात शिरू शकली, जिनिंगच्या भिंतीला खेटून, बाजाराच्या मागून. आता त्याच जागी ब्रॉडगेजचं यार्ड बसवायचं तर दोन्ही टोकांचे गावातले रस्ते अडतात, फाटकं बंद करून पूल बांधावे लागतात आणि शंभरएक घरं हलवावी लागतात. सर्व्हे करणारा माणूस नकाशावर पेन्सिल फिरवतो आणि गावाबाहेरचं मोकळं माळरान निवडतो. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

यात एक गंमत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबईहून मुख्य मार्ग टाकले तेव्हा कितीतरी गावं त्यांनी अशीच बाजूला टाकली होती. बार्शी हे मोठं बाजाराचं गाव, पण गाडी गेली कुर्डुवाडीवरून. त्या स्टेशनाचं नावच तेव्हा बार्शी रोड होतं, आणि तिथून बार्शी वीसेक मैल. तो प्रवास आणि माल बैलगाडीवर. ती अडचण दूर करायला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. अडीच फुटी गेज, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही असा हिशेब. 1897 मध्ये पहिला टप्पा बार्शीपर्यंत सुरू झाला, 1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. गावात जाणारी रेल्वे हवी म्हणून नॅरोगेज आली आणि शंभर वर्षांनी ब्रॉडगेज झाल्यावर काही गावांतून ती परत बाहेर पडली. लातूरचं जुनं स्टेशन शहरात होतं, नवीन शहराच्या कडेला झालं. उलट धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, जुनी लाइन शिवतच नव्हती. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून त्या शहराला स्टेशन मिळालं. जुन्या मार्गावरच्या खेड्यांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून पाण्याच्या गाड्या आल्या त्या याच मार्गाने, म्हणून ब्रॉडगेज करायला नको होतं असं म्हणायची सोय नाही. तेवढं पाणी त्या छोट्या गाडीने आणणं शक्यच नव्हतं.

हे नवीनही नाही. बोरघाटात खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे. 1929 मध्ये नवा मार्ग निघाला आणि ते स्टेशन एका दिवसात निरुपयोगी झालं. मार्ग बदलला की स्टेशन मेलं, ते किती देखणं होतं याला किंमत नसते.

आता तुमच्या भागाकडे येऊ. विदर्भातली शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ, मूर्तिजापूर ते अचलपूर आणि पुलगाव ते आर्वी या नॅरोगेज लाइनी, वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणायला टाकल्या. लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, म्हणजे किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीची, चालवायची सरकारी रेल्वे आणि त्याबद्दल कंपनीला पैसे द्यायचे, अशी ती ख्यातनाम व्यवस्था. 1921 सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिथे 1994 च्या एप्रिलपर्यंत धावलं, मग डिझेल आलं. शेवटच्या काळात गार्डच तिकिटं द्यायचा आणि वाटेतली फाटकं गाडीवरचेच लोक उतरून लावायचे. म्हणजे गाडी चालू असतानाच स्टेशनं बंद पडली होती. तुमचं स्टेशन या लाइनींपैकी एखादीवर असेल, तर पहिला प्रश्न मालकीचा: जमीन कोणाच्या नावे, इमारत कोणाच्या नावे? रेल्वेने नेहमीसारखी स्वतः बांधलेली लाइन आणि ही कंपनीची लाइन यांत कागदाचा फरक आहे. सात-बारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढल्याशिवाय एकही अर्ज करू नका. मोर्चाही काढू नका. उताऱ्यावर भलतंच नाव निघालं तर सगळी मेहनत चुकीच्या दारात जाते.

यवतमाळकरांना आता वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग मिळतो आहे. त्यातला वर्धा–कळंब टप्पा 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. त्याचा जुन्या स्टेशनाशी संबंध नाही, तो वेगळाच मार्ग आहे. आणि मूर्तिजापूरला गेलात तर एक गोष्ट बघाच. तिथलं ब्रॉडगेज स्टेशन अमृत भारत योजनेत नव्याने सजलं, 2025 च्या मे महिन्यात त्याचं उद्‌घाटन झालं. त्याच स्टेशनाच्या अंगाला शकुंतलेचं यार्ड. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तिचा नियम समजून घ्या: जिथे गाडी थांबते तिथे पैसा. गाडी बंद झालेल्या स्टेशनासाठी कुठल्याच योजनेत रकाना नाही.

गाडी चालू असलेल्या छोट्या स्टेशनांचीही तीच गत वेगळ्या वाटेने होते. 2017 पासून स्टेशनांची नवी वर्गवारी आहे आणि लहान स्टेशनं तिच्या तळाला, सहाव्या वर्गात किंवा हॉल्टमध्ये, म्हणजे मास्तर नसलेल्या थांब्यांत. त्यांना मिळतं ते किमान: शेड, बाकडी, नळ, दिवे. काळ्या दगडाच्या कमानीची दरज भरायला वेगळं काही मिळत नाही. एकेरी मार्गावर गाड्यांची क्रॉसिंग करायला दर सात-आठ किलोमीटरवर स्टेशन मास्तर लागायचा. मार्ग दुहेरी झाला, सिग्नल आपोआप चालू लागले, की मधल्या स्टेशनाचा मास्तर जातो. मग ते हॉल्ट होतं, तिकीट विकायला कमिशनवरचा एजंट येतो. 2020 च्या टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ म्हणून परत आल्या तेव्हा अनेक हॉल्टवरचे थांबे गेले, एजंटही गेला. इमारतीत रात्री राहणारा माणूस नाही, ही त्या स्टेशनाच्या मरणाची सुरुवात. गाडी नव्हे, माणूस.

कारण माणूस गेल्यावर काय होतं ते मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, आणि क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी तांब्याची तार जाते. मग न्हाणीघराचे नळ आणि पन्हळीचे पत्रे. नंतर सागवानी चौकटी, त्याही खिडक्यांच्या आधी, दरवाजे मागून. वानरं कौलांवर उड्या मारतात, कोन्याची दोन-चार कौलं सरकतात. पहिल्या पावसात पाणी थेट वाशाच्या डोक्यावर. वासा कुजून खाली बसला की त्या रांगेतली सगळी कौलं ओघळतात. चौथ्या-पाचव्या पावसात आत पिंपळ. त्यानंतर कोणीतरी इंजिनिअर येतो, फोटो काढतो, ‘धोकादायक’ लिहितो. तो खोटं लिहीत नाही, इमारत खरंच धोकादायक झालेली असते. मग पाडकामाचं टेंडर निघतं, त्यात सागवान आणि दगड यांची किंमत धरलेली असते, म्हणजे पाडणाराच रेल्वेला पैसे देतो. पाडणं रेल्वेला फायद्यात पडतं आणि राखणं खर्चात, हे विसरून बोलणी करू नका.

म्हणून तुमच्या पत्रात ‘वारसा’ हा शब्द शंभर वेळा आला तरी उपयोग नाही. एक कायद्याचीही बाजू आहे. नगरपरिषदेने विकास आराखड्यात इमारतीची वारसा म्हणून नोंद केली तर चांगलंच, करून ठेवा. पण रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 11 नुसार रेल्वेला रेल्वेच्या कामासाठी बांधकाम करायचे आणि पाडायचे अधिकार इतर कायद्यांना बाजूला ठेवून दिलेले आहेत. त्यामुळे नोंद हे कवच नाही, बोलण्याचा आधार आहे. राज्याचं किंवा केंद्राचं संरक्षित स्मारक होणं ही खूप लांबची गोष्ट. तालुक्याच्या स्टेशनाला ते मिळेल या भरवशावर छप्पर गळत ठेवू नका.

जमिनीचा एक गैरसमजही काढून टाका. गावात नेहमी म्हणतात की रेल्वेने जमीन रेल्वेसाठी घेतली, आता रेल्वे नाही, म्हणून मूळ मालकाला परत. असं आपोआप होत नाही. संपादन झालेली जमीन सरकारची झालेली असते. रूळ उखडले तरी ती रेल्वेचीच राहते, आणि गावाच्या मध्यात असल्यामुळे तिची किंमत आता कितीतरी पट वाढलेली असते. रेल्वेकडे अशा जमिनीतून उत्पन्न काढण्यासाठी वेगळं प्राधिकरण आहे. तुमच्या स्टेशनाची खरी स्पर्धा पाडकामाशी नाही, व्यापारी संकुलाशी आहे. नगरपरिषदेतलेच काही लोक त्या बाजूला असतील, हे गृहीत धरून चला.

मग मागायचं काय? पूर्ण यार्ड मागू नका. इमारत आणि तिच्याभोवती वावरायला लागेल एवढी पट्टी मागा, मापं लिहून. यार्डाचा जुना नकाशा माहितीच्या अधिकारात मिळतो. तो हातात घेऊन ‘ही इमारत आणि तिच्याभोवती एवढे मीटर’ असं रेखाटून द्या. त्याच अर्जात विचारा की नव्या ब्रॉडगेजच्या मंजूर आराखड्यात या जागेचा उपयोग दाखवला आहे का. नसेल, तर ती जागा कामकाजाला लागत नाही असं परिचालन विभागाने, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या खात्याने, लेखी म्हणायला हवं. ते एक वाक्य मिळालं की अर्धं काम झालं, कारण वर्क्सवाला एकटा कधीच हो म्हणू शकत नाही. पुढे फाइल मंडळ व्यवस्थापकांच्या म्हणजे डीआरएमच्या कार्यालयातून मुख्यालयाकडे जाते. वेळ लागतो. वर्ष-दोन वर्षं धरा. त्या वेळात इमारत उभी राहिली पाहिजे, म्हणून पहिल्याच पत्रात जोडून मागा: ‘निर्णय होईपर्यंत छपराची तात्पुरती दुरुस्ती आणि झाडं काढणं आम्ही आमच्या खर्चाने, तुमच्या देखरेखीखाली करू.’ याला नकार द्यायला अधिकाऱ्याला कारण शोधावं लागतं. बहुतेक वेळा तो देत नाही.

पत्रावर सही नगराध्यक्षाची असावी, पण फाइलच्या मागे धावणारा माणूस दुसरा हवा. निवृत्त तलाठी, मास्तर, पोस्टमन, असा कोणी. नगराध्यक्ष बदलतात.

वापराचं सांगतो, कारण तिथेच बहुतेक प्रयत्न फसतात. पहिली कल्पना सगळ्यांच्या डोक्यात येते ती संग्रहालयाची. नको. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय 2002 पासून आहे आणि ते चालतं, कारण ते रेल्वेचं स्वतःचं आहे, शहर मोठं आहे, आणि तिथे इंजिनं आहेत. तालुक्याच्या गावी चार कंदील, एक घड्याळ आणि हिरवा झेंडा मांडला तर पहिल्या महिन्यात शाळेच्या सहली येतील, दुसऱ्या वर्षी कुलूप लागेल. आजच्या महाराष्ट्रात गावात सर्वांत जास्त कशाची टंचाई असेल तर अभ्यासिकेची. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती यांची तयारी करणारी मुलं घरात जागा नाही म्हणून मंदिराच्या ओसरीवर बसतात. स्टेशनाचा प्रतीक्षा कक्ष म्हणजे उंच छत, जाड भिंत, दोन्ही बाजूंनी वारा. पंखे, दिवे, टेबलं आणि स्वच्छतागृह एवढंच लागतं. मुलं पहाटे सहाला येतात आणि रात्री अकराला जातात. अशा इमारतीला पहारेकऱ्याची गरज राहत नाही, आणि मासिक फी घेतली तर विजेचं बिल निघतं. तिकीट खिडकी तशीच ठेवा, तिच्यामागे ग्रंथपाल बसवा. बाहेरच्या फलाटावर बचत गटाची दुकानं लावा, पण इमारतीच्या आत चूल पेटू देऊ नका, सागवान आहे.

मालधक्का असेल तर तो आधी मागा. स्टेशनापेक्षा तो मिळायला सोपा, कारण कोणी त्याच्यावर जीव लावलेला नसतो. आतून मोकळा, मोठा आणि उंच जोत्यावर असतो. आठवडी बाजाराला किंवा धान्य साठवायला तो फार चांगला.

दुरुस्तीचं आता जरा खोलात सांगतो. हे वाचून एका जरी नगरपरिषदेने सिमेंटचा ट्रक परत पाठवला तर बरं होईल.

या इमारती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या. दगड पाणी पीत नाही, पाणी जातं ते दरजांमधून. चुन्याची दरज ओलावा आत घेते आणि उन्हात बाहेर सोडते. तुम्ही वरून सिमेंटची दरज भरली, किंवा आतून सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते. मग भिंतीच्या तळच्या दोन-तीन फुटांत पांढरी भुकटी दिसायला लागते. तिला लोणा म्हणतात. गवंडी सांगतो की अजून जाड गिलावा मारू, तो मारतो, वर्षभराने तोही फुगून पडतो. कंत्राटात ‘चुन्याच्या दरजा’ असं स्वच्छ लिहून घ्या आणि चुना भिजवून, मुरवून, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालून तयार करणारा गवंडी शोधा. शोधल्यास अजून सापडतात. जुन्या वाड्यांचं आणि देवळांचं काम करणाऱ्यांत विचारा. दगडाला ऑइल पेंट लागलेला असेल, आणि रेल्वेत तो हमखास लागलेला असतो, तर तो घासून काढायच्या भानगडीत लगेच पडू नका. यंत्राने घासला तर घडाईच्या टाकीच्या खुणा जातात. त्या खुणाच त्या दगडाचा चेहरा आहेत. आधी ओल थांबवा, रंग नंतर.

ओल थांबवायची म्हणजे बघायचं कुठे? जोत्याच्या पायाशी. शंभर वर्षांत फलाटावर भर घालून घालून जमीन वर आलेली असते आणि जोतं बुडालेलं असतं. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर उंच असतो, नॅरोगेजचा जवळजवळ रुळाच्याच पातळीला असायचा. म्हणून जिथे जुनी इमारत तशीच ठेवून तिच्यासमोर नवा फलाट केला आहे तिथे इमारत खड्ड्यात गेल्यासारखी दिसते. एका स्टेशनावर मी फलाटावरून तिकीट खिडकीपाशी जायला तीन पायऱ्या उतरलो आहे. खिडकीचा दगडी उंबरठा गुडघ्याला लागत होता. पावसात सगळं पाणी आत. तुमच्या स्टेशनाला नवा फलाट होणार नसेल तर नशीब समजा: फक्त चारी बाजूंनी भर काढा, जोतं मोकळं करा, भोवती उथळ गटार काढून ते उतारावर सोडा. यात पैसा कमी आणि मजुरी जास्त.

छप्पर बहुधा मंगलोरी कौलांचं असेल. एखादं कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं दिसेल. तसंच कौल आता मिळेलच असं नाही, पण मापाला बसणारं मिळतं. सगळं छप्पर उतरवून पत्रा टाकायचा मोह आवरा. पत्र्याखाली विदर्भातल्या मे महिन्यात अभ्यासिका चालणार नाही, तुमची मुलं पुन्हा मंदिराच्या ओसरीवर. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या आधी तपासा. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण भिंतीत गेलेलं टोक कुजतं. टोक कुजलं तर पूर्ण तुळई बदलायची नाही, तेवढाच तुकडा कापून नवीन लाकूड जोडतात. पिंपळाचं रोप दिसलं की उपटू नका. मूळ भिंतीत गेलेलं असतं आणि उपटताना दगड बरोबर येतो. बुंधा कापा, मुळाला औषध लावून मारा, वाळल्यावर काढा.

कामाला हात लावण्याआधी एक दिवस देऊन सगळ्याचे फोटो आणि मापं घ्या. तिकिटांची लाकडी खणांची मांडणी, तारीख मारायचं यंत्र, वजनकाटा, कंपनीची अक्षरं ओतलेलं बाकडं, रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा, यातलं जे उरलं असेल त्याची यादी करून रेल्वेच्या अधिकाऱ्याची सही घ्या. ते सामान भांडार विभागाचं आहे. कोणी ‘सुरक्षित राहावं’ म्हणून घरी नेलं तर ती चोरी ठरते आणि तुमची फाइल तिथेच थांबते. शेडचे खांब आणि तुळया बहुतेकदा जुन्या रुळांच्या असतात. त्यांच्या पोटावर गंज खरवडलात तर कारखान्याचं नाव आणि साल उमटलेलं वाचता येतं. ते साल इमारतीचं नव्हे, रुळाचं. मुख्य मार्गावरून काढलेला जुना रूळ शाखेवर खांब म्हणून वापरायची पद्धत होती. गावात लगेच ‘आमचं स्टेशन 1880 चं’ असा फलक लागतो, तो लावू नका.

एक शेवटची शक्यता राहिली: तुमचं स्टेशन गावापासून दूर, रानात असेल तर. अकोला–खंडवा मीटरगेज मेळघाटातून जात होती. धूळघाटाजवळ ती चढ चढताना स्वतःच्याच वरून वळसा घालून जायची. ब्रॉडगेज करताना व्याघ्र प्रकल्पातून रेल्वे नको, मार्ग बाहेरून न्या, असं ठरलं. त्यामुळे धूळघाट, वान रोड ही स्टेशनं जंगलात राहिली. तिथे नगरपरिषद नाही, अभ्यासिका नाही आणि असावी असंही मला वाटत नाही. माणसं पुन्हा तिकडे नेणं हे त्या जागेचं नुकसान आहे. तिथल्या इमारतींचे फोटो आणि मापं घेऊन ठेवावीत आणि जंगलाला त्या घेऊ द्याव्यात. सगळंच वाचवायचं नसतं, हे मी वर्क्सवाला असून सांगतो.

तुमचं मात्र गावात आहे आणि दगड शाबूत आहे असं तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून दिसतं. तेव्हा उतारा काढा, नकाशासाठी माहितीचा अर्ज टाका, आणि छपराच्या तात्पुरत्या दुरुस्तीचं पत्र मार्चच्या आत डीआरएम कार्यालयात पोचेल असं बघा. एप्रिल-मेमध्ये कौलं बसवायला माणसं मिळतात. जून लागला की गवंडी शेतावर जातो आणि ऑक्टोबरपर्यंत फोन उचलत नाही.